चार फुटांची भिंत

लांजेवार काका इंग्लंडला कधी गेले नाहीत. इंग्लंडचं सोडा, पुण्यालाही ते आयुष्यात एकदाच गेले, पुतण्याच्या लग्नाला, आणि तिथल्या भाजीत तिखट नाही म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत आले. पण इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या जुन्या, मोठ्या घरात स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात जाताना कुठे पायरी चुकते, कोणत्या खोलीचं दार उघडताना कपाटाला लागतं आणि माळ्यावर कुठे वाकून चालावं लागतं, हे त्यांना हुडकेश्वरच्या स्वतःच्या घराइतकं पाठ होतं. काका मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्यावर लिहायचं मी बरेच दिवस टाळलं, कारण लिहायला बसलं की त्या घराची एक भिंत मध्ये येते, आणि त्या भिंतीच्या भानगडीत माझाही हात आहे.

आधी आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मिहानच्या बाजूला, कंपन्यांच्या वसाहतीतल्या एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस. परदेशातले आर्किटेक्ट जुन्या इमारतींची लेझरने मोजणी करतात. प्रत्येक खोलीत तिपाईवर यंत्र ठेवतात, ते गरागरा फिरून भिंतींचे लाखो ठिपके टिपतं, आणि ते ठिपके कॉम्प्युटरवरून आमच्याकडे येतात. आम्ही त्यांच्यावरून नकाशे काढायचे: तळमजला, वरचा मजला, माळा, छप्पर. तिकडचा साहेब दुसऱ्या दिवशी ऑफिसात यायच्या आत परत पाठवायचे. चर्च, शाळा, गिरण्या, दारूची दुकानं, काय वाट्टेल ते. इतकी वर्षं हे करून मी अर्धं इंग्लंड काढलं असेल, आणि खरं सांगायचं तर त्यातलं एकही घर मला आठवत नाही. एक सोडून. मी टीमची प्रमुख होते, म्हणजे नकाशावर शेवटची नजर माझी आणि पाठवण्याचं बटण माझं. बाकी मानसन्मान काही नव्हता. पाठ दुखायची, ती मात्र प्रमुखासारखी दुखायची.

काका आमच्याकडे आले ते सरकारी नोकरीतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाल्यावर. मूळचे रामटेककडचे, धाकटा भाऊ अजून धान लावतो. पेन्शनवर त्यांचं भागत होतं. मग नोकरी कशाला, असं मुलाखतीत विचारलं तर म्हणाले, "घरी बसून बायकोच्या सैपाकातल्या चुका काढू लागलो जी. तिनंच हाकललं."

मुलाखतीत त्यांना एक नकाशा काढायला दिला. बाकीची मुलं लगेच माऊस हलवायला लागतात. काका दहा मिनिटं नुसते पडद्याकडे बघत बसले. मॅनेजर घड्याळ बघायला लागले. शेवटी काकांनी विचारलं, "या घरचं सैपाकघर कोणतं?" मॅनेजरना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आम्हाला खोल्यांचे नंबर माहीत असायचे. "सैपाकघर माहीत नाही तं घर कसं काढाचं?" काका म्हणाले. घर पहिले वाचाचं, मंग काढाचं, हे त्यांचं नेहमीचं बोलणं. मॅनेजर नाखूश होते, पण त्या महिन्यात दोन मुलं सोडून गेली होती, म्हणून काकांना घेतलं.

काकांच्या सवयी ठरलेल्या: टेबलाखाली चपला काढून ठेवायच्या, चष्मे दोन, एक पडद्याचा आणि एक माणसांचा, पाणी प्यायचं ते वरून, ओठ न लावता, आणि बरोबर एक वाजता डबा. डब्यात आठवड्यातून एकदा सांबारवडी असायची आणि ती सगळ्यांसाठी असायची. कोथिंबिरीचं सारण भरलेली ती वडी खाण्यासाठी पलीकडच्या टीमची मुलंही आमच्याकडे काहीतरी शंका घेऊन यायची. काकांना ते कळायचं. "शंका तिखट आहे का गोड?" असं विचारून ते डबा पुढे करायचे.

ते मोठं घर आमच्याकडे आलं तेव्हा वर्णनात 'मॅनर हाऊस' असं लिहिलेलं होतं. प्राजक्ता नावाची आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी, तिने विचारलं, म्हणजे काय? मी म्हणाले, असेल कुठलं तरी मोठं घर. काकांनी मात्र अर्धा दिवस ते ठिपके वरून, खालून, आतून, बाहेरून फिरवून पाहिले आणि मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "मालगुजाराचं घर आहे गा हे."

मालगुजार म्हणजे आमच्याकडचा गावाचा जमीनदार. आणि मग त्यांनी ते घर आम्हाला दाखवलं. मधोमध उंच छपराचं दालन, ते सगळ्यात जुनं. गावातली कुळं तिथे यायची, उभी राहायची. दालनाच्या एका टोकाला जमीन एका पायरीने वर, तिथे मालक बसणार. दुसऱ्या टोकाला लाकडी आडोसा आणि त्यामागे बोळ, त्या बोळातून नोकर येणार-जाणार. "पाहा, कास्तकार इथवर येन. याच्या पुढं त्याले परवानगी नाही." मग दोन्ही अंगांना नंतर बांधलेल्या बाजू, उतरत्या छपरांच्या. एकीत मालकाच्या बायका-मुलांच्या खोल्या, दुसरीत स्वयंपाकघर, तेही बोळाच्या पलीकडे, लांब. "आमच्या गावच्या मालगुजाराचंही असंच होतं. मालगुजार कुठलाही असो, चुलीचा धूर त्याले लागला नाही पाहिजे." प्राजक्ता म्हणाली, "काका, तुम्ही गेला होता का त्या मालगुजाराच्या घरात?" काका म्हणाले, "पायरीपर्यंत."

काका खोल्यांना नंबर देत नसत. ते बैठक, माजघर, कोठी म्हणत, आणि हळूहळू आमची सगळी टीमच तशी बोलायला लागली. एकदा तर गंमतच झाली. धान्य-लोणच्यांची एक छोटी खोली होती, तिच्या रेषांचा गट प्राजक्ताने कॉम्प्युटरमध्ये 'कोठी' नावाने ठेवला आणि फाईल तशीच तिकडे गेली. मॅनेजरनी मला आत बोलावून झाडलं. दुसऱ्या दिवशी तिकडच्या आर्किटेक्टचा मेल आला: 'कोठी'तल्या फळ्या कृपया दाखवाव्यात. मग शेवटपर्यंत ती कोठीच राहिली. काकांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे. कोठीले कोठी नाही म्हणन तं काय म्हणन?"

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण एका गोष्टीत काका अजिबात हसत नसत. आमच्या धंद्यात एक खोड आहे. ठिपके कितीही वाकडे असोत, भिंत काढताना ती काटकोनात बसवायची. तसं केलं की काम भराभर होतं, नकाशा देखणा दिसतो, आणि सहसा कोणी विचारत नाही. प्राजक्ताने त्या घराचा अख्खा तळमजला असा सरळ करून ठेवला होता. काकांनी पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "बेटा, हे घर तू बांधलं का?" ती म्हणाली, नाही. "मंग सरळ करणारी तू कोण?"

तिला रडू आलं. दोन दिवसांचं काम होतं ते. काकांनी तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि दाखवलं की मधलं दालन एका दिशेला आहे, स्वयंपाकघराची बाजू त्याच्याशी किंचित तिरकी आहे, म्हणजे ती मागाहून आली, दुसऱ्या कारागिराने बांधली, आणि जुन्या भिंतीला नवी भिंत टेकवताना त्याने जमेल तसं जमवून घेतलं. "हा वाकडेपणा म्हणजे या घराचं वय आहे. तू सरळ केलं का वय पुसलं जाते." मग अर्धा मजला तिने काढला आणि अर्धा काकांनी. डोळे चोळत, मध्ये मध्ये चष्मा बदलत. मला त्यांचा राग यायचा तो अशा वेळी. मुदत माझी टळायची.

काकांची कामाची आणखी एक रीत होती, आणि ह्या लेखाचं सगळं ओझं तिच्यावर आहे. नकाशा झाला की ते त्याचा ताळा करत. वापरलेल्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलने प्रत्येक भिंतीची जाडी लिहायची आणि प्रत्येक भिंतीला विचारायचं, तू एवढी का? बाहेरची भिंत दोन फूट, ठीक, दगडाची आहे. आतली सहा इंच, ठीक, लाकडी आहे. यंत्र भिंतीचे दोन्ही चेहरे बघतं, मध्ये काय आहे ते त्याला दिसत नाही. "मशीनले कातडी दिसते, हाड नाही दिसत," काका म्हणायचे.

त्या ताळ्यात एक भिंत सापडली. दालन आणि त्यामागची खोली यांच्या मधली. ती चार फूट होती. दगडाची म्हटली तरी चार फूट कशाला? काका दोन दिवस तिच्यामागे लागले. वरच्या मजल्यावर बरोबर तिच्याच डोक्यावर एक शेकोटी होती, जाडजूड, विटांची. त्याच्या वर, माळ्यावर, विटांचा एक तुटका बुंधा. छपरावर मात्र काहीच नाही. काकांनी ते जुळवलं: इथे खालपासून वरपर्यंत धुरांडं होतं. छपरावरचा भाग कधीतरी उतरवला, खालची शेकोटी बुजवून गिलावा केला. भिंत आतून पोकळ, आणि वरच्या शेकोटीचा सगळा भार तिच्यावर उभा. एरवी ही गोष्ट आम्ही कौतुकाने ऐकून सोडून दिली असती. पण तिकडून आलेल्या कागदांत एक कच्चं रेखाटन होतं, आणि त्यात त्याच भिंतीवर लाल तुटक रेषा होती. म्हणजे ही भिंत फोडून दोन खोल्या एक करायच्या होत्या.

काका माझ्याकडे आले. "मॅडम, हे त्याईले माहीत नाही वाटते."

"माहीत असेल हो काका. त्यांचे इंजिनिअर असतात."

"माहीत असतं तं लाल रेघ नसती मारली."

त्यांनी नकाशावर त्या भिंतीशेजारी इंग्रजीत एक टीप लिहिली. साध्या तीन वाक्यांची: भिंत आतून पोकळ असावी. वर शेकोटीचा भार आहे. फोडण्यापूर्वी उघडून पाहावे. मला दाखवली आणि घरी गेले. त्यांची स्कूटर, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, आणि बाहेरचं मे महिन्याचं ऊन, संध्याकाळचे सहा वाजले तरी न उतरलेलं.

आमच्याकडे नियम होता की नकाशावर स्वतःचं मत लिहायचं नाही. दिसलं ते काढा, वाटलं ते नको. मागे कोणीतरी असंच काहीतरी लिहिलं होतं आणि गिऱ्हाईक चिडलं होतं, तेव्हापासून मॅनेजर ह्या बाबतीत फार कडक होते. मी ती टीप दोनदा वाचली. मला काका बरोबर वाटत होते, हे कबूल करते. तरी मी ती पुसली. मनात म्हटलं, वेगळा मेल लिहू, मॅनेजरना विचारून, नीट शब्दांत. मग पाठवण्याचं बटण दाबलं. घरी गेले, भाकरी टाकल्या, झोपले. दुसऱ्या दिवशी नवं चर्च आलं होतं. तो मेल मी लिहिला नाही. दुष्टपणा नव्हता त्यात, भीतीही फारशी नव्हती. मी दमलेली होते, आणि दमलेल्या माणसाला उद्याचा फार भरवसा असतो.

त्यानंतर दर सोमवारी काका विचारत, "तिकडून टिपेचं काही उत्तर?" मी म्हणायची, "नाही आलं." खोटं नव्हतं ते. हे सतत तीन महिने चाललं. काकांचे डोळे तोवर बिघडत गेले, मोतीबिंदू पिकला, खोकलाही जाईना. एका शनिवारी त्यांनी टेबलाखालच्या चपला घातल्या, दोन्ही चष्मे खिशात टाकले आणि राजीनामा दिला. निरोप समारंभ नको म्हणाले. सांबारवडीचा मोठा डबा तेवढा आणला होता.

पाऊस संपता संपता ते घर परत आलं. नवीन ठिपके, नवीन सूचना: पडलेला भाग वगळून नकाशा सुधारून द्यावा. मी फाईल उघडली. दालनामागची भिंत नव्हती. तिच्या जागी विटांचा ढिगारा, वरच्या मजल्याची जमीन मोडून खाली लोंबत होती, आणि जिथे शेकोटी होती तिथून थेट माळा दिसत होता. यंत्राने ते सगळं इमानदारीने टिपलं होतं, एकेक वीट. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग ती पानं छापली आणि रविवारी हुडकेश्वरला गेले.

काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं खोकल्यामुळे लांबलं होतं. अंगाने निम्मे झाले होते. काकू म्हणाल्या, "ये वं बाई, बस. रोज तुमचंच ऑफिस काढते हा माणूस." मी पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चांगल्या डोळ्यासमोर धरली, इतकी जवळ की नाक कागदाला लागलं. एकेक पान तसंच पाहिलं.

मग म्हणाले, "माझी चूक आहे मॅडम. टिपेचं अक्षर मी अडीच मिलिमीटर ठेवलं होतं. साडेतीन ठेवाले पाहिजे होतं. एवढ्या मोठ्या कागदावर त्याईले दिसलं नसन. इतके महिने झाले, हेच डोक्यात येऊन राहिलं."

मला वाटलं होतं, ते मला विचारतील आणि मी सांगेन. त्यांनी विचारलंच नव्हतं. ते इतके दिवस स्वतःच्या अक्षराला दोष देत बसले होते.

"काका, टीप गेलीच नाही," मी म्हणाले. "मी पुसली."

त्यांनी कागद खाली ठेवला. "तुमी?"

"हो."

"काहून?"

मी नियमाचं सांगितलं. मेल लिहिणार होते तेही सांगितलं. बोलता बोलताच मला ते ऐकवेना. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मले राग आला आहे," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. "लपवून काय करू. आला आहे." खोकल्याची एक उबळ गेली. मग त्यांनी ते पान पुन्हा उचललं आणि ढिगाऱ्यावर बोट ठेवलं. "कोणाले लागलं का?"

"मेलमध्ये तसं काही लिहिलेलं नाही."

"लिहिलं नाही. तुमी विचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. खरं म्हणजे मला सुचलंच नव्हतं. मी तो ढिगारा दोनशे वेळा फिरवून पाहिला होता, त्याच्या विटा मोजता आल्या असत्या, पण त्या भिंतीशी कोणीतरी हातोडा घेऊन उभं असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"विचारा," काका म्हणाले. चहा मी तसाच टाकून निघाले. ते मला दारापर्यंत सोडायला उठले नाहीत, आणि तीच माझी त्यांची शेवटची भेट.

सोमवारी मी मॅनेजरना न विचारता, थेट तिकडच्या आर्किटेक्टला मेल लिहिला. टीप कोणी लिहिली होती, कोणी पुसली, सगळं लिहिलं, आणि शेवटी विचारलं, भिंत पडली तेव्हा कोणाला इजा झाली का? त्या मेलपायी पुढे माझं काय झालं ते इथे महत्त्वाचं नाही. तीन दिवस उत्तर आलं नाही. मी काम करत होते, पण मधूनमधून हात थांबायचा. चौथ्या दिवशी दुपारी दोन ओळी आल्या: नाही, कोणालाही लागलं नाही. त्या वेळी सगळे कामगार बाहेर जेवायला गेले होते.

मी लगेच फोन लावला. काकूंनी उचलला. "आत्ता डोळा लागला त्याईचा. रात्रभर खोकलून राहिले होते. संध्याकाळी करजो बाई."

"काकू, उठवा त्यांना. सांगा, तिकडे कोणालाच लागलं नाही, सगळे बाहेर जेवायला गेले होते," मी म्हणाले.

त्या फोन हातात धरूनच आत गेल्या असाव्यात, कारण मला सगळं ऐकू येत होतं. "अजी, उठा. मॅडमचा फोन आहे. तिकडल्या घरी कोणालेच नाही लागलं म्हणते. समदे जेवाले गेले होते."

पंख्याचा आवाज. मग झोपेने जड झालेला काकांचा आवाज, लांबून, "जेवण झालं का पण त्याईचं?"

"जेवण झालं होतं का, विचारून राहिले," काकू फोनवर म्हणाल्या.

मेलमध्ये ते नव्हतं. "झालं होतं," मी म्हणाले.

"झालं होतं म्हणते."

"मंग झोपू दे वं," काका म्हणाले.